मिसूरीतला ९११ चा सेल्स टॅक्स : "आम्हाला बोलता येत नाही" म्हणणाऱ्या कचेरीचं काय करायचं

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातली ग्रामीण काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), ९११ या आपत्कालीन फोन क्रमांकाच्या केंद्रासाठी अर्धा टक्का सेल्स टॅक्स एप्रिलच्या मतपत्रिकेवर, शेजाऱ्यांनी तुम्हाला प्रचारसमितीत ओढलेलं, आणि माहिती मागायला गेलात तर कचेरी म्हणते, "कायद्याने आम्हाला यावर एक शब्दही बोलता येत नाही." त्या शेवटच्या वाक्याने पोटात गोळाच आला. आमच्या काउंटीत पहिल्या खेपेला प्रस्ताव पडला, तो माझ्या मते याच वाक्यामुळे.

मी वकील नाही, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. खालचं सगळं फक्त मिसूरीपुरतं धरा. इथे साधं बहुमत पुरतं. कॅलिफोर्नियात शहराने एका ठरावीक कामासाठी कर मांडला तर दोन तृतीयांश मतं लागतात. युनियन सिटीने मतदान न घेता लावलेली ९११ ची फी २००८ साली अपील कोर्टात याच मुद्द्यावर टिकली नाही. त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या कुणाचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका.

लँडलाइन कमी झाल्या आणि त्यांच्यावरच्या कराचं उत्पन्न आटलं, हे तुम्हाला ठाऊकच असणार. पण दारोदार फिराल तेव्हा "मोबाइलच्या बिलात ९११ चे पैसे आधीच घेतात की!" हे हमखास ऐकाल. बाकीच्या राज्यांत घेत होते, आपल्याकडे नाही. १९९९ आणि २००२ असं दोनदा मिसूरीच्या मतदारांनी मोबाइलवरचं शुल्क नाकारलं. २०१८ च्या कायद्यानंतर प्रीपेड मोबाइलवर ३ टक्के सुरू झाले आणि मतदारांनी मान्य केलं तर काउंटीला दर फोनमागे महिना १ डॉलरपर्यंत घेण्याची मुभा मिळाली. हे उत्तर तोंडपाठ ठेवा.

आता आमच्या काउंटीतल्या कचेरीबद्दल. नाव घेत नाही, गाव लहान आहे. आम्ही मागितलं ते इतकंच : लँडलाइन करातून गेल्या काही वर्षांत किती पैसे आले, मोबाइलवरून येणारे कॉल किती, रात्रपाळीला माणसं किती. उत्तर आलं, "निवडणूक होईपर्यंत काहीही देता येणार नाही." मग डिस्पॅचरना, म्हणजे ९११ चे फोन घेऊन मदत पाठवणाऱ्यांना, तंबी मिळाली की चर्चमध्ये किंवा दुकानात कुणी विचारलं तरी गप्प राहायचं. लोकांना केंद्र दाखवायचा एक दिवस ठरला होता, तोही याच कचेरीच्या सल्ल्याने रद्द झाला. कारण म्हणून दरवेळी मिसूरीच्या निवडणूक कायद्यातलं कलम ११५.६४६ पुढे करायचे.

ते कलम काढून वाचा, जेमतेम एक परिच्छेद आहे. सार्वजनिक पैसा एखाद्या प्रस्तावाच्या किंवा उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचाराला वापरू नये, एवढीच मनाई आहे. आणि पुढे स्पष्ट लिहिलंय की अधिकाऱ्यांनी सभेत हजर राहायला किंवा प्रसिद्धिपत्रक काढायला या कलमाची आडकाठी नाही. "हो म्हणा" असं पत्रक काउंटीच्या पैशाने छापता येणार नाही, बरोबर. पण जमाखर्चाचे आकडे देणं हा प्रचार कसा काय? लोकांच्या जिवाशी गाठ असलेल्या केंद्राची माहिती लोकांपासूनच दडवली, याचा राग अजून गेलेला नाही.

नुकसान काय झालं ते सांगते. मतपत्रिकेवरचा प्रश्न कायद्यातून जसाच्या तसा उचललेला असतो. त्याचा मराठीत अर्थ साधारण असा : अग्निशमन, रुग्णवाहिका, त्यात आपत्कालीन दूरध्वनी सेवा, आणि इतर आपत्कालीन सेवांच्या केंद्रीय डिस्पॅचसाठी काउंटीने अमुक टक्के विक्रीकर लावावा का? यात "९११" कुठेच नाही. लोक बूथमध्ये ९११ शोधत राहिले, समोर दिसला नुसता "विक्रीकर". बाहेर आल्यावर "तुमचं ते ९११ चं मत कधी आहे?" असं विचारणारेही भेटले. कचेरीने नमुना मतपत्रिका आणि चार ओळींचा तटस्थ खुलासा लावला असता तरी खूप फरक पडला असता.

म्हणून माझं ठाम मत : तुमच्या पत्रकावर प्रश्न शब्दशः छापा आणि त्याखाली मोठ्या अक्षरात लिहा, "हाच ९११ चा प्रश्न". कचेरीशी तोंडी वाद घालू नका. सनशाइन कायद्याखाली (मिसूरीचा माहितीच्या अधिकाराचा कायदा) लेखी अर्ज द्या, तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. अर्जात कचेरीचा अभिप्राय मागू नका, असलेली कागदपत्रं मागा : बजेट, करवसुली, कॉलचे मासिक अहवाल. नकार आला तर कुठल्या कलमाखाली, तेही लेखी घ्या. मतपत्रिकेवरच्या प्रश्नाच्या शब्दांत काही बदल हवा असेल तर मतदानाआधीच्या दहाव्या मंगळवारी संध्याकाळी पाचच्या आत. म्हणजे एप्रिलसाठी जानेवारीतच.

दुसऱ्या खेपेला त्या खुर्चीत माणूस बदलला, आकड्यांचं एक पान मिळालं, केंद्रही पाहू दिलं. रात्री दोनच जणी. एक हेडसेटवर कुणाला तरी छातीवर दाब कसा द्यायचा ते सांगत सलग मोजत होती, "वन, टू, थ्री, फोर". दुसरी रेडिओवर डेप्युटीशी, म्हणजे काउंटीच्या पोलिसाशी, बोलता बोलता एका मोबाइल कॉलचं लोकेशन पुन्हा पुन्हा मागवत होती, कारण स्क्रीनवर अजून फक्त टॉवरचा पत्ता होता. तेवढ्यात तिसरी लाइन वाजली. आमच्याबरोबर आलेल्या, कराला कायम विरोध करणाऱ्या एका शेतकरी आजोबांनी बाहेर आल्यावर स्वतःहून पत्रकं मागून घेतली. त्या वेळी प्रस्ताव मंजूर झाला.

सेल्स टॅक्स की फोनमागे डॉलर, यावर माझं मत विचाराल तर हायवे आणि पर्यटक असतील तिथे सेल्स टॅक्स, कारण वाटेवरचा माणूसही अपघात झाला की तुमच्याच केंद्राला फोन करतो. अर्धा टक्का म्हणजे १०० डॉलरच्या खरेदीवर ५० सेंट. मात्र तो किराण्यावरही पूर्ण लागतो आणि गरिबाला जास्त जाणवतो. हे विचारणाऱ्याला उडवून लावू नका, त्याचं म्हणणं खरं आहे. पाच फोनच्या घराला डॉलरचा पर्याय वर्षाला ६० डॉलरला पडेल, हेही सांगा. आणि एप्रिलमध्ये मंजूर झाला तरी वसुली ऑक्टोबरपासून, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मे महिन्यात "पैसे कुठे गेले?" सुरू होतं.

काही सुटे मुद्दे. फलकांवर "पेड फॉर बाय" ची, म्हणजे खर्च कुणी केला ते सांगणारी ओळ हवीच. समितीत ग्रीन कार्डवाले मदतीला असतील तर त्यांनी चुकूनही मतदार नोंदणीचा फॉर्म भरू नये, पुढे नागरिकत्वाला फार महागात पडतं. कुणाचं मोटेल किंवा ऑफिस असेल तर तिथल्या फोनवरून आधी ९ न दाबता थेट ९११ लागतो का ते तपासा. २०२० पासून नव्या यंत्रणांना ते बंधनकारक आहे. आणि भारतातून आलेले आईवडील विचारतील, "आपल्याकडे ११२ ला कुठे मत द्यावं लागतं?" तिथे खर्च सरकार उचलतं, इथे काउंटीच्या लोकांनी स्वतः ठरवायचं असतं. माझ्या सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, पण पत्रकांच्या घड्या त्यांनीच घालून दिल्या.

कचेरीचं उत्तर लेखी आलं की नावं झाकून इथे टाका. कलम शेजारी ठेवून वाचते आणि मला काय वाटतं ते सांगते. नोटीस द्यायची वेळ आली तर मात्र स्थानिक वकीलच गाठा.