जवळच्या मैत्रिणीला बढती मिळाली आणि आनंदाऐवजी जळफळाट झाला. मी वाईट आहे का? हे घालवायचं कसं?

नाही, वाईट नाही. आणि हे घालवता येत नाही, निदान तुम्हाला हवंय तसं मुळापासून तर नाहीच. एवढं लिहून थांबले असते, पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘तिने मला सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं.’ ते वाचून राहवलं नाही. बरं झालं नसतं. मला असंच एकीने सांगितलं नव्हतं, म्हणून हे लांबलचक उत्तर.

आधी तुमच्याबद्दल. तुम्ही लिहिलंय तसं दोघी एकाच दिवशी रुजू झालात, काम एकच, अनुभव सारखा आणि बढतीची जागा एकच होती. अशा वेळी तुम्हाला काहीच वाटलं नसतं तरच नवल. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलंय की माणसाला हेवा वाटतो तो बरोबरीच्यांचा. वय, ठिकाण, नावलौकिक यांत जे आपल्या आसपास असतात त्यांचा. कुठल्या तरी अब्जाधीशाने विमान घेतलं म्हणून आपली झोप उडत नाही. शेजारच्या खुर्चीवरची व्यक्ती केबिनमध्ये गेली की उडते.

मैत्री असली की हे कमी होतं, असा एक भाबडा समज आहे. उलट वाढतं. एब्रहॅम टेसर या मानसशास्त्रज्ञाने एका सहकाऱ्याबरोबर केलेला १९८० मधला एक प्रयोग मला फार खरा वाटतो. शब्द ओळखण्याचा खेळ होता आणि खेळणारे आपापला मित्र घेऊन आले होते. आधी स्वतः खेळून मागे पडलेल्यांनी मग इतरांना क्लू द्यायचे. क्लू सोपा द्यायचा की अवघड, हे देणाऱ्याच्या हातात. हा नुसता खेळ आहे असं सांगितलं तेव्हा लोकांनी मित्राला सांभाळून घेतलं. पण यावरून बुद्धिमत्ता आणि नेतृत्वगुण कळतात असं सांगितल्यावर मित्राची सवलत बंद झाली, सोपे क्लू परक्याला जायला लागले. ही माणसं दुष्ट नव्हती. जिथे स्वतःची किंमत पणाला लागलेली असते, तिथे जवळच्याचं यश जास्त टोचतं. तीच मैत्रीण उद्या पोहण्याची स्पर्धा जिंकली आणि तुम्हाला पोहण्यात काडीचाही रस नसला, तर तुम्हीच जगभर सांगत सुटाल.

त्यात थोडक्यात हुकलेलं असलं की आणखी वाईट. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या विजेत्यांची चित्रफीत दाखवून संशोधकांनी लोकांना विचारलं, कोण किती खूश दिसतंय? कांस्यपदकवाले रौप्यपदकवाल्यांपेक्षा आनंदी ठरले. रौप्यवाल्याला हुकलेलं सुवर्ण दिसत असतं. तुमच्या ऑफिसात या घडीला तुम्ही रौप्यपदकावर आहात, इतकं ते साधं आहे.

आता माझं. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. माझी मैत्रीणही तेच करते. बरीच वर्षं आम्ही एकाच खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर काम केलं. भाडं निम्मं-निम्मं, कटर, पट्ट्या आणि चांगला कागद सामाईक. एकमेकींच्या कामाचा हेवा वाटायचा आणि मी तरी तो तोंडावर बोलून दाखवायचे. एकदा तिने पाण्यात उभ्या बगळ्याचं प्रतिबिंब असं काढलं की मी हातातला ब्रश ठेवला आणि म्हटलं, "हे बघून माझ्या पोटात दुखतंय. कागद आधी भिजवलास की कोरड्यावरच काढलंस?" तिने बसवून दाखवलं. बगळ्याची जागा सोडून बाकीचा कागद भिजवायचा आणि त्यावरची चकाकी जाईपर्यंत थांबायचं; हात शिवशिवले तरी रंग लावायचा नाही. चकाकी असताना लावला तर रंग वाहत जातो, कागद पुरता वाळल्यावर लावला तर कडा कडक येतात. हे मी तिच्याकडून शिकले ते हेव्यापोटी शिकले. नुसतं कौतुक वाटलं असतं तर "वा!" म्हणून आपल्या कामाला लागले असते.

मग एक काळ असा आला की माझी कामं परत यायला लागली. एका प्रकाशनाने नमुन्याची चित्रं पाहून नकार दिला, दुसऱ्याने होकार देऊन काम भलत्यालाच दिलं. त्याच दिवसांत मी खोलीत शिरले की ती समोरचा कागद पालथा घालायची. जलरंगाचा ओला कागद कुणी पालथा घालत नाही, चित्र मरतं. तिच्या टेबलावर निळसर करडा डाग उमटलेला मी पाहिला होता. मला वाटलं, चित्र बिघडलं असेल, दाखवायचं नसेल. मीही खोदून विचारलं नाही.

कळलं ते पानांची मांडणी करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून. "मैत्रिणीच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहिलंत ना? काय झालंय!" अख्खं बत्तीस पानांचं पुस्तक, एकटीच्या चित्रांचं. मी म्हटलं, "हो, पाहिलं ना." त्याने कौतुकाने एकेक पान स्क्रीनवर उघडून दाखवलं आणि पहिल्यांदाच दिसणाऱ्या त्या पानांवर मी आधी पाहिल्यासारखी मान डोलवत राहिले. बगळाही होता त्यात. पुढे कळलं, आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक होतं. ‘तिला इतक्यात बोलू नका’ असं काहींना सांगून ठेवलेलं होतं. या बिचाऱ्याच्या कानावर ते आलं नव्हतं.

हेवा वाटला का? कडकडून वाटला. पण जिव्हारी लागलं ते पुस्तक नव्हे. आपल्याबद्दल दहा माणसांनी मिळून काळजी घेतली, आपल्याला न विचारता, ते लागलं.

मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तुझे दिवस वाईट चालले होते. तुला त्रास झाला असता."

"झाला असता. मग?"

"मग कशाला द्यायचा?"

"तो माझा त्रास होता. मला झेपणार नाही हे तू परस्पर ठरवलंस."

"तूच म्हणायचीस की पोटात दुखतं म्हणून."

या वाक्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही, ते आज देते. मी म्हणायचे, म्हणूनच तिला भिण्याचं कारण नव्हतं. माझ्या मनात काय आहे ते तिला माझ्याच तोंडून कळत होतं आणि ते बोलल्यावर मी काय करते हेही तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं: मी प्रश्न विचारायचे. तिच्या चित्रावर मी कधी पाणी सांडलं नाही, तिचं काम कुणापाशी कमी लेखलं नाही. भ्यायचंच तर हसून अभिनंदन करून पाठ फिरल्यावर ‘ओळखीवर मिळालं’ म्हणणाऱ्याला भ्यावं.

पुढे या विषयावरचं हाती लागेल ते वाचत गेले. २०२१ साली ॲनाबेल रॉबर्ट्स, एमा लिव्हाइन आणि ओव्हुल सेझर यांचा यश लपवण्यावरचा शोधनिबंध आला. यश लपवणाऱ्याला वाटतं, आपण समोरच्याचं मन जपतोय. समोरच्याला ते कळतं तेव्हा मात्र त्याला अपमान वाटतो, कारण आपल्या वतीने कुणीतरी मोठेपणा घेऊन निर्णय केलेला असतो. विश्वास घटतो, जवळीक घटते. यश सांगितल्यानेही समोरच्याला हेवा वाटतो, पण नात्याला लपवल्याइतका फटका बसत नाही. मी तो दुवा तिला पाठवला. उत्तर आलं नाही. माझं मत मात्र पक्कं आहे: तुमच्या मैत्रिणीने येऊन तुम्हाला तोंडावर सांगितलं, यात तिने तुम्हाला बरोबरीचं मानलं. त्याबद्दल तिच्यावर रुसू नका.

घालवायचं कसं, हा तुमचा दुसरा प्रश्न. हेव्याचे दोन रस्ते असतात. नेदरलँड्समधल्या नील्स व्हॅन दे व्हेन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ते वेगळे करून दाखवले: एका हेव्यात आपल्याला वर चढावंसं वाटतं, दुसऱ्यात समोरच्याला खाली ओढावंसं वाटतं. कुठल्या रस्त्याला लागणार हे बरंचसं दोन गोष्टींवर ठरतं: तिची ती लायकी होती असं आपल्याला वाटतं का, आणि आपल्यालाही ते जमू शकेल असं वाटतं का. त्यांच्याच २०११ मधल्या प्रयोगांत तर पहिल्या प्रकारचा हेवा वाटलेल्या विद्यार्थ्यांनी नुसतं कौतुक वाटलेल्यांपेक्षा जास्त जोर लावला. माझ्या बगळ्याची गोष्ट मला त्यात दिसते. तेव्हा ‘मला काही वाटतच नाही’ असं स्वतःला बजावत बसू नका. सगळ्यांत घातक माणसं मी पाहिली ती हेच बजावणारी. हेवा नाकारला की तो तत्त्वाचा मुखवटा घालून येतो: ‘मला तिच्या बढतीचं काही नाही, पण ऑफिसची पद्धतच चुकीची आहे.’

तिच्याशी बोला. ‘मला तुझा हेवा वाटतोय, आणि तू हे कसं जमवलंस ते मला सांग.’ मुलाखतीत काय विचारलं, कुठलं काम त्यांच्या नजरेत भरलं, आता डोक्यावर काय काय आलंय. शेली गेबल यांनी जोडप्यांवर केलेल्या २००६ मधल्या अभ्यासात एक गोष्ट दिसली. वाईट बातमीवर जोडीदार कसा वागतो त्यापेक्षा चांगल्या बातमीवर कसा वागतो यावरून नात्याची तब्येत जास्त कळत होती, आणि चांगल्या बातमीवर रस घेऊन प्रश्न विचारणारा जोडीदार नातं घट्ट करत होता. मैत्रीलाही हे लागू पडतं असं मला वाटतं. तुमच्यासाठी तर सोय अशी की मैत्री टिकवणारे प्रश्न आणि पुढच्या वेळी तुम्हाला उपयोगी पडणारे प्रश्न एकच आहेत. आतून जळत असताना विचारलेत तरी चालतात. आतलं वाटणं शांत झाल्यावर मग चांगलं वागू, अशी वाट पाहायची गरज नाही.

आणि उद्या तुम्हाला काही मिळालं आणि दुसरी कुणी खचलेली असली, तर तिला तुम्ही स्वतः, एकटीला गाठून, इतरांच्या आधी सांगा. तिच्या चेहऱ्यावर दोन क्षण काहीही दिसलं तरी ते दिसू द्या. माझ्या मैत्रिणीने मला ते दोन क्षण द्यायला हवे होते.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. ‘मला हेवा वाटतोय’ हे फक्त जिच्यावर विश्वास आहे तिलाच म्हणा. वरिष्ठांपाशी किंवा चार लोकांत म्हणू नका, ते शस्त्र म्हणून वापरलं जातं. बढतीत खरोखर गडबड झाली असेल तर तो वेगळा विषय आहे. मग कागदपत्रं जमवा आणि योग्य ठिकाणी तक्रार करा. मैत्रिणीच्या चुका शोधण्यात दिवस जात असतील, तिचं काही बिघडलं की बरं वाटत असेल, तर तेही अनैसर्गिक नाही. जपानमध्ये हिदेहिको ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एकोणीस जणांच्या मेंदूची चित्रं घेतली तेव्हा, हेवा वाटलेल्या माणसावर संकट आल्याचं वाचून मेंदूतला आनंदाशी संबंधित भाग चेतवला गेला होता. एकोणीस माणसं म्हणजे फार नव्हेत, तेव्हा त्यातून जगाचा नियम काढू नका. पण ते बरं वाटणंच तुमचा रोजचा आधार व्हायला लागलं, किंवा झोप-भूक गेली, तर समुपदेशकाकडे जा.

आणि हे सगळं मैत्रीतल्या, कामातल्या हेव्याबद्दल लिहिलंय. जोडीदार दुसऱ्या कुणाकडे ओढला जाईल या भीतीने होणारा मत्सर निराळा आहे, त्यात तिसरं माणूस असतं आणि गमावण्याची भीती असते. तिथे माझा सल्ला जसाच्या तसा लावू नका.