स्कॉलरशिप कुठे अडकली आणि केक का बसला: ताईला विचारा

या वेळी पत्रं जवळपास सगळी कॉलेजच्या मुलामुलींची आलीत, अर्धी पैशांची आणि अर्धी चक्क केक-नानकटाईची, आणि मला ती सगळी एकाच घरातली वाटली म्हणून एकत्रच घेतेय. मी कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या टेबलावर बरीच वर्षं बसलेय त्यामुळे पहिलं उत्तर लांबलंय, पण ते गरजेचं आहे.

प्रश्न: ताई, मी मूळचा उदगीरचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एससी कॅटेगरीतून भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचा फॉर्म राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरलेला. पोर्टलवर पैसे दिले असं दाखवतंय, खात्यात एक रुपया नाही. कॉलेज म्हणतं तुझ्याकडे आलेत, भर. बँक म्हणते आमच्याकडे काही आलंच नाही. पाच महिने झाले. सरकारी वसतिगृहातही नंबर लागला नाही, रूमचं भाडं वडील शेतमजुरीतून पाठवतात. काय करू?

उत्तर: अरे, आधी एक सांग, पहिल्या वर्षी अ‍ॅडमिशनच्या गर्दीत कॉलेजच्या गेटवर टेबल टाकून बसलेल्या कुणाकडे अंगठा देऊन झिरो बॅलन्सचं खातं उघडलेलंस का? किंवा नवीन सिमकार्डबरोबर काही? कारण दहातल्या निम्म्या केसेसमध्ये पैसा तिथेच सापडतो. फॉर्ममध्ये तू कुठला खाते नंबर लिहिलास याला डीबीटीत, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात जमा होतो त्या पद्धतीत, फार अर्थ नसतो, पैसा जातो आधारवर, आणि आधारच्या मागे एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार चालवणारी संस्था) मॅपरमध्ये, म्हणजे कुठल्या आधारला कुठली बँक त्या यादीत, एका वेळी एकच बँक असते, जी सगळ्यात शेवटी जोडली ती. म्हणजे तुझं जुनं खातं उदगीरच्या बँकेत व्यवस्थित चालू आहे, पासबुक आहे, आधार कार्डाची झेरॉक्सही तू तिथे दिलीयस, तरी मधे दुसरीकडे अंगठा लागला की पैसा दुसरीकडे. आणि 'आधार लिंक आहे' असं बँकवाले सांगतात ना ते बऱ्याचदा केवायसीबद्दल, म्हणजे ओळख पटवण्याबद्दल असतं, डीबीटीसाठीचं सीडिंग, म्हणजे त्या यादीत बँक जोडणं, ही वेगळी गोष्ट आहे, हा फरक काउंटरवरच्या माणसालाही नीट विचारावा लागतो.

आता करायचं काय, तर मायआधारच्या साईटवर आधार नंबर आणि ओटीपी टाकून लॉगिन कर, तिथे बँक सीडिंग स्टेटस म्हणून आहे, त्यात बँकेचं नाव दिसेल आणि अ‍ॅक्टिव्ह की इनअ‍ॅक्टिव्ह तेही दिसेल. नाव वेगळ्याच बँकेचं निघालं तर आधी त्या बँकेत जाऊन स्टेटमेंट काढ, तुझे पैसे तिथे सुरक्षित असतील. इनअ‍ॅक्टिव्ह असेल तर पैसा परत गेलेला असू शकतो, मग तुझ्या नेहमीच्या बँकेत डीबीटीसाठी सीडिंगचा फॉर्म भरून पोच घे आणि स्टेटस अ‍ॅक्टिव्ह झालं की त्याची प्रिंट जोडून कॉलेजमार्फत समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्त कार्यालयाला अर्ज दे. तोंडी सांगून येऊ नकोस, दोन प्रती ने आणि एकीवर शिक्का घे.

माझ्या टेबलासमोर एक मुलगा असाच सात महिने फिरत होता. प्लॅस्टिकची निळी फाईल, त्यात सातवीपासूनचे सगळे दाखले क्रमाने लावलेले, बिचाऱ्याची एका कागदाची चूक नव्हती. शेवटी त्याच्याच मोबाईलवर हे स्टेटस उघडलं तर गावाकडे आईच्या कुठल्या तरी योजनेच्या कॅम्पला गेला असताना याचंही एक खातं उघडलं गेलेलं. पैसे तिथे होते, सगळे. तो तिथेच खुर्चीवर बसून घरी फोन लावून रडला, आणि मला अजून वाईट वाटतं की हे मी त्याला पहिल्याच दिवशी का तपासायला लावलं नाही.

कॉलेज 'भर' म्हणतंय त्याचंही कारण सांगते. 2021-22 पासून या शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के वाटा असतो आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, त्यातली फी मुलाने कॉलेजला भरायची. त्यामुळे कॉलेज मागतंय ते अगदीच चूक नाही, पण पैसा हातात यायच्या आधी मागणं चूक आहे, आणि तसं अर्जात स्पष्ट लिही की रक्कम जमा झाली नाही, सोबत स्टेटमेंट जोडलंय, परीक्षेचा फॉर्म अडवू नये. पोर्टलवर राईट टू गिव्ह अप म्हणून एक पर्याय आहे त्याला कुणी सांगितलं तरी हात लावू नकोस, तो हक्क सोडण्यासाठी आहे, आणि कित्येक मुलं पुढे जायचं बटण समजून तो दाबतात. चुकून दाबलाच असेल तर आजच कॉलेजला लेखी कळव.

आणि वसतिगृहाचं, हे तू शेवटी एका ओळीत लिहिलंस पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. अर्ज करून नंबर लागला नाही ना? मग भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना तुझ्यासारख्यांसाठीच आहे. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्याला वर्षाला 60,000 रुपये, त्यात 32,000 जेवणाचे, 20,000 राहण्याचे आणि 8,000 बाकी खर्चाचे असं धरलेलं आहे. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, ते तुमचं आहेच. भाड्याच्या रूमचा करार किंवा घरमालकाचं लिहून घेतलेलं लागेल, मालक कुरकुर करतात पण माग. हे पैसे कुणी उपकार म्हणून देत नाही, वडिलांनाही हे नीट समजावून सांग.

प्रश्न: मी ओबीसी, घरचं उत्पन्न साडेचार लाख, यंदा कॅप राऊंडमधून (केंद्रीय प्रवेश फेरी) बी. फार्मला अ‍ॅडमिशन मिळालंय. मुलींना फी माफ आहे ना? मग कॉलेजने 23 हजार का घेतले?

उत्तर: माफी आहे, 2024-25 पासून. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, आईवडिलांचं मिळून उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के. पण फक्त तेवढंच. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, डिपॉझिट यात येत नाही आणि मॅनेजमेंट कोट्यातल्या किंवा खाजगी अभिमत विद्यापीठातल्या मुलींनाही नाही. म्हणून कॉलेजकडून 23 हजारांची हेडनिहाय पावती माग. त्यात शिक्षण शुल्क असं लिहिलेलं दिसलं तर तंत्रशिक्षणच्या विभागीय सहसंचालक कार्यालयात पावतीची प्रत लावून तक्रार कर, आणि नसेल तर कॉलेजने फसवलं असं धरू नकोस. पण महाडीबीटीचा फॉर्म भरलास ना? माफी आपोआप लागत नाही गं, फॉर्म दरवर्षी भरायचा, आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरची मुदत आत्ताच बघून ठेव, बहुतेकांची 31 मार्चला संपते आणि जूनमध्ये सेतू केंद्रात रांग लागते.

प्रश्न: ताई आम्ही चौघी कर्वेनगरला रूम घेऊन राहतो. ओव्हन नाही. मैत्रिणीच्या वाढदिवसाला कुकरमध्ये बिनअंड्याचा केक केला, इनोचं अख्खं पाकीट घातलं, मस्त फुगला आणि मग मधेच खड्डा पडून बसला, आतून ओला. तीन वेळा झालं. साहित्य वाया गेलं की फार लागतं मनाला.

उत्तर: लागणारच, महिन्याच्या शेवटी पाव किलो साखर वाया गेली तरी लागतं. तुझ्या पत्रात एक ओळ आहे की 'पीठ कालवून ठेवलं, तोवर रूममेटचा भात गॅसवर होता', तिथेच केक गेला. इनोत सोडा आणि आंबट पदार्थ दोन्ही असतात, ओलं लागलं की लगेच फसफसतं, वीस मिनिटं भातासाठी थांबलीस तोवर निम्मा गॅस उडून गेला. उरलेल्या जोरावर केक वर आला, पण आतलं पीठ शिजून घट्ट व्हायच्या आत तू झाकण काढून बघितलंस (बघितलंस ना?) आणि थंड हवा लागून तो बसला. शिवाय अख्खं पाकीट फार होतं, जास्त फुगवलेला केक स्वतःचं वजन पेलत नाही.

इनो सोड, हे कर. एक कप ताजं दही आणि पाऊण कप साखर विरघळेपर्यंत घोट. त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खायचा सोडा, चमचा म्हणजे लहान मापाचा, शीग न लावता. पाच मिनिटांत दही बुडबुडे येऊन वर चढेल, ते चढताना बघायला फार छान वाटतं, दह्याच्या पांढऱ्या पृष्ठभागाला बारीक बारीक जाळी पडते आणि भांड्याला कान लावला तर हलकीशी चर्रर्र ऐकू येते. मग अर्धा कप बिनवासाचं तेल, व्हॅनिला, आणि दीड कप मैदा चाळून दोनदा घालायचा, गुठळी मोडली की थांब, फेटत बसू नकोस, नाहीतर चिवट होतो. आणि लगेच तेल लावलेल्या डब्यात.

या सगळ्याच्या आधी, म्हणजे दही घोटायलाही घ्यायच्या आधी, कढई तापत ठेवायची. कुकरच हवा असेल तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढायची, पाणी अजिबात नाही, पण मी जाड बुडाची जुनी कढईच सांगेन कारण कोरडा तापवून कुकर खराब होतो आणि तुमच्याकडे तो एकच असणार. तळाला बोटभर जाडं मीठ, त्यावर स्टँड किंवा वाटी, घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं. डबा ठेवला की आच बारीक. पस्तीस मिनिटं झाकणाला हात नाही. मग सुरी घालून बघ, ओली आली तर अजून दहा मिनिटं. ते मीठ बरणीत भरून ठेव, पुढच्या केकला परत चालतं. आणि भात आधी होऊ दे.

प्रश्न: माझी धाकटी बहीण कोल्हापुरात बीएस्सीला आहे, स्कॉलरशिपवर शिकते. दिवाळीपासून नानकटाई करून विकायला लागली, किलोला 300 रुपये. आईला वाटतं सरकारचे पैसे घेऊन ही शिकायचं सोडून भट्ट्या लावत बसलीय. मलाही काळजी वाटते. तिला थांबवू का? – एक भाऊ, इचलकरंजी

उत्तर: दादा, थांबवू नका. तुम्ही कोल्हापूर भागातले, मग हे तुम्हाला जास्त कळेल. शाहू महाराजांनी 1901 पासून तिथे मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, पुढे साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुलांना काम करत शिकवलं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं. आपल्याकडे मदत घेणं आणि हाताने कमावणं या एकमेकांविरुद्धच्या गोष्टी कधी नव्हत्याच, आजही विद्यापीठांत कमवा आणि शिका योजना चालते ती त्याच वाटेवरची. स्कॉलरशिप घेणाऱ्या मुलीने सतत खालमानेने, काही आवडीचं न करता जगावं ही अपेक्षा मला मनापासून चुकीची वाटते. तिच्या अभ्यासाचे निकाल बघा, ते ठीक असतील तर बाकी तिचं तिला ठरवू द्या.

काळजी करायचीच तर हिशोबाची करा. किलोभर नानकटाईला साधारण अर्धा किलो मैदा, पाव किलोपेक्षा थोडं जास्त साजूक तूप, पाव किलो पिठीसाखर, वेलची. तूप साडेसहाशे रुपये किलोने धरलं तरी माल 240 च्या आसपास जातो. गॅस, डबा, पोचवायचा रिक्षा धरलाच नाही. म्हणजे तीनशेला विकून पोरीच्या हाताची मजुरी शून्य. तिला दर वाढवायला सांगा, ओळखीच्यांना सांगताना लाज वाटते तर तुम्ही सांगा. घरगुती खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचं, बेसिक रजिस्ट्रेशन लागतं, फी वर्षाला 100 रुपये आहे, ऑनलाइन होतं, ते ती जिथे नानकटाई करते त्या पत्त्यावर करून द्या.

आणि आईला एक आठवण करून द्या. त्यांच्या लहानपणी दिवाळीत तूप, साखर, मैदा पिशवीत भरून बेकरीत नेत असतील ना, तिथे पत्र्याच्या ट्रेमध्ये नानकटाई वळायची आणि भट्टीवाल्याने ट्रे आत ढकलला की आपला ट्रे कुठला ते लक्षात ठेवत बाहेर उभं राहायचं, घरी येताना डबा इतका गरम की ओढणीत धरावा लागायचा. त्या आईला विचारा, तूप किती वेळ फेटायचे. माझा अंदाज आहे की त्या आधी गप्प बसतील आणि मग सांगतील, थिजलेलं घ्यायचं, पातळ नाही, आणि हाताला पांढरं हलकं लागेपर्यंत. बहिणीच्या नानकटाया पसरत असतील तर कारण तेच आहे, ती तूप वितळवून घेत असणार.

प्रश्न: केकसाठी मैद्याऐवजी कणीक चालते का?

उत्तर: चालते. निम्मी घाल, दूध दोन चमचे वाढव आणि गुळाची पावडर वापरलीस तर फारच छान लागतो.