'अर्धद्विवार्षिक' की 'सुमारे द्विवार्षिक'?

'उत्तर युरोपातल्या कडाक्याच्या थंडीशी अर्धद्विवार्षिक दोलनाचा संबंध असतो' असं वाक्य वाचून त्यातला पहिला शब्द बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते तो टाळावा. 'अर्धवार्षिक' म्हणजे सहामाही. त्याच चालीने 'अर्धद्विवार्षिक' म्हणजे दोन वर्षांचं अर्धं, म्हणजे एकच वर्ष, असा अर्थ निघेल. मूळ संज्ञा आहे 'क्वासी-बायेनियल ऑसिलेशन'. त्यातल्या 'क्वासी'ला 'जवळपास' म्हणायचंय. म्हणून मी 'सुमारे द्विवार्षिक दोलन' लिहीन. ('आंदोलन' चूक नाही, पण त्या शब्दाने आज मोर्चाच आठवतो.)

हा 'सुमारे' गाळूही नये. हे दोलन म्हणजे वाऱ्यांच्या दिशेची अदलाबदल. विषुववृत्ताच्या वर, स्थितांबरात (ढग-पावसाच्या थराच्या वरच्या थरात), साधारण १६ ते ५० किलोमीटर उंचीवर वारे आलटून पालटून पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून वाहतात. बदललेली दिशा आधी वरच्या थरांत दिसते आणि महिन्याला साधारण एक किलोमीटर खाली उतरते. एक फेरा सरासरी २८ महिन्यांचा. तो नेमका २४ महिन्यांचा असता तर एकाआड एक हिवाळ्याला तीच दिशा ठरलेली असती. तसं नसल्यामुळे दर हिवाळ्याआधी ती नव्याने पाहावी लागते. २०१६ साली तर पश्चिमेच्या वाऱ्यांच्या मधोमध पूर्वेचे वारे घुसले. १९५३ पासूनच्या नोंदींत असं कधी दिसलं नव्हतं.

हिवाळ्याशी संबंध १९८० मध्ये हॉल्टन आणि टॅन या शास्त्रज्ञांनी मांडला. विषुववृत्तावर पूर्वेचे वारे असतात तेव्हा खालून वर येणाऱ्या प्रचंड वातावरणीय लहरी उत्तर ध्रुवाकडे जास्त वळतात आणि तिथला ध्रुवीय भोवरा (हिवाळ्यात ध्रुवाभोवती फिरणारे जोरदार वारे) सरासरीने दुबळा राहतो. भोवरा दुबळा झाला की उत्तर युरोप आणि पूर्व अमेरिकेत गारठ्याची शक्यता वाढते. हा फक्त कल आहे. एल निनोसारखी इतर कारणंही असतातच, त्यामुळे 'वारे पूर्वेचे, म्हणून थंडी पडणार' असं लिहिणं चुकीचं.

आणखी एक. 'पूर्वेचे वारे' म्हणजे पूर्वेकडून येणारे, जसे नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात. १८८३ च्या क्राकाटोआ ज्वालामुखीच्या उद्रेकाची राख याच उंचीवरच्या पूर्वेच्या वाऱ्यांनी पश्चिमेकडे नेली होती. भाषांतरात त्यांचं सर्रास 'पूर्वेकडे वाहणारे वारे' होतं आणि अर्थ नेमका उलटतो. घोटाळा व्हायला कारणही आहे, कारण सागरी प्रवाहांची दिशा मात्र ते जिकडे जातात तिच्यावरून सांगतात.