लहान ऑडिट फर्मने हिशेबाच्या मानकांतले आणि नियमांतले बदल कसे टिपावेत?

म्हापशातल्या दोन-तीन माणसांच्या फर्मने सगळं पाठ करू नये. आधी क्लायंटांची यादी करून प्रत्येकासमोर एएस (भारतातली जुनी हिशेब मानकं) की इंड एएस (आंतरराष्ट्रीय मानकांशी जुळवलेली नवी मानकं) ते लिहावं. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीची मागच्या वर्षीची उलाढाल २५० कोटी आणि कर्ज ५० कोटींच्या आत असेल, तर ती बहुधा एएसच्या २०२१ च्या नियमांतली लघु-मध्यम कंपनी, म्हणजे तिला मानकांत काही सवलत मिळते. मात्र ती मोठ्या कंपनीची उपकंपनी असेल, तर ही सवलत गेली.

दर सोमवारी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या अधिसूचना आणि आयसीएआयच्या (सीएंच्या राष्ट्रीय संस्थेच्या) घोषणा पाहा, मार्चअखेरीस रोज. अधिसूचनेची तारीख आणि लागू होण्याचं वर्ष वेगळं असू शकतं. चुका इथेच होतात.

बदल कळला तरी तपासणीत उतरत नाही, हे खरं दुखणं. ऑडिट ट्रेलच घ्या, म्हणजे कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे हा नियम, १ एप्रिल २०२३ पासून लागू. कळंगुटच्या हॉटेलात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा एडिट लॉग (बदलांची नोंद) चालू असतो, पण फ्रंट ऑफिसच्या बिलिंगचं काय? क्लायंटसमोर एक चाचणी बिल करून रक्कम बदला. जुनी रक्कम, वेळ आणि युजर लॉगमध्ये दिसलेच पाहिजेत. त्याचा स्क्रीनशॉट फाइलला लावा.