गाडी नागपूरची, पार्ट कुठला? जुन्या गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांची १९६७ ची फियाट ११०० डिलाइट मूळ रूपात आणायची आहे. मागच्या दिव्यांच्या काचा, पुढची जाळी, मीटर आणि इंजिनाचे बरेच भाग हवे आहेत. नागपुरात विचारलं की सगळे ‘आता मिळत नाही’ म्हणतात. सुरुवात कुठून करावी?
– वाचक, धरमपेठ

उत्तर : आधी यादीचे दोन कागद करा. एकावर चालणारे भाग, दुसऱ्यावर दिसणारे. दोन्हींचा शोध वेगळ्या वाटेनं होतो, आणि ते एकत्र केले की दुकानदार पहिल्याच नावाला नाही म्हणून मोकळा होतो.

चालणाऱ्या भागांची काळजी कमी आहे. डिलाइट १९६४ मध्ये आली. तीच गाडी बदलत बदलत १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून विकली गेली. पेट्रोल इंजिन तेच राहिलं : १०८९ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५ मिलिमीटर. म्हणून काउंटरवर ‘डिलाइट’ म्हणू नका, ‘पद्मिनी पेट्रोल’ म्हणा. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्लच प्लेट, वॉटर पंप या सगळ्यांची चौकशी पद्मिनीच्या नावानं करा. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होत्या, त्यामुळे हा माल तिथे अजून सापडतो. विजेच्या भागांत मात्र सांभाळा. तुमच्या गाडीला डायनामो आहे आणि नंतरच्या पद्मिनींना आल्टरनेटर. कटआउट (डायनामोचं चार्जिंग सांभाळणारी पेटी) आणि वायरिंग एकमेकांच्या जागी चालत नाही. गिअरबॉक्सचे भाग घेताना ‘स्टीअरिंगवरचा गिअर’ असं स्पष्ट सांगा.

दिसणारे भाग खरे अवघड. जाळी, बोधचिन्हं, बंपरच्या पट्ट्या, मीटरच्या तबकड्या वर्षागणिक बदलल्या. पद्मिनीची जाळी डिलाइटला कशीबशी बसवता येते, पण गाडी मग डिलाइट राहत नाही. इथे त्याच वर्षाच्या गाडीचे समोरून, मागून आणि आतून काढलेले फोटो हाताशी हवेत. कंपनीचं पार्ट कॅटलॉग मिळालं तर त्याहून उत्तम, कारण त्यातला पार्ट नंबर हीच खरी ओळख. मग विक्रेता काय समजतो यावर काही अवलंबून राहत नाही.

इटलीतून माल मागवताना तीन ठिकाणी फसगत होते. तिथली ११०० डी दिसायला तुमच्या गाडीची सख्खी बहीण, पण तिचं इंजिन १२२१ सीसीचं आणि बोअर ७२ मिलिमीटरचा. त्या पिस्टनचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. दुसरं, ती गाडी डाव्या स्टीअरिंगची, म्हणून डॅशबोर्ड आणि वायपरची जोडणी उलटी येते. तिसरं कुणाच्या लक्षातच येत नाही : तिथल्या हेडलाइटच्या काचा रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालणाऱ्या गाड्यांसाठी घडवलेल्या असतात. लो बीमवर त्यांचा झोत उजव्या अंगाला वर चढतो, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्याच्या डोळ्यांत. मागच्या दिव्यांच्या काचा, बंपर, खिडक्यांचे हँडल मात्र जुन्याशी मापानं ताडून तिथून मागवायला हरकत नाही.

बाजार निवडताना गाडी बनली कुठे ते बघा. फियाट-पद्मिनी कुर्ल्यात बनली, म्हणून तिचा माल कुर्ल्याच्या भंगार बाजारात. अँबेसेडर कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला, म्हणून कोलकात्याचा मल्लिक बाजार. स्टँडर्ड हेराल्ड मद्रासची, म्हणून चेन्नईचं पुदुपेट. नागपूरकरांना इथे मोठीच सोय आहे : हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही रेल्वेमार्ग आपल्या स्टेशनातून जातात, त्यामुळे कुठल्याही बाजाराला गाडी न बदलता पोचता येतं. जाताना जुना भाग सोबत न्याच, तुटका असला तरी. फोटोवरून घेतलेली जाळी दोन सेंटिमीटरनं आखूड निघाली की पुन्हा रात्रभराचा प्रवास. मोठा भाग नेणं शक्य नसेल तर कागद ठेवून त्याचा ठसा काढा, बोल्टच्या भोकांमधलं मध्य ते मध्य अंतर कॅलिपरनं मोजून त्यावर लिहा.

प्रश्न : अँबेसेडर मार्क टूच्या ब्रेकसाठी चाळीस वर्षांपूर्वीचा कोरा, डबाबंद कंपनीचा माल मिळतो आहे. सिलिंडर आणि रबर किट दोन्ही. किंमत जास्त आहे. घ्यावा का?
– वाचक, कामठी

उत्तर : सिलिंडर घ्या, रबर घेऊ नका. कोरा म्हणजे ताजा नव्हे. रबर डब्यात बसूनही म्हातारं होतं, आणि पत्र्याच्या गोदामात आपल्याकडचे चाळीस उन्हाळे काढलेलं रबर तर अधिकच. वॉशर बोटांत दुमडून बघा. कडेला केसासारख्या चिरा दिसल्या की ते गेलंच. चिरा नसल्या तरी ब्रेकमध्ये वापरू नये. ब्रेक पायाखाली बसतो तेव्हा डब्यावरचं नाव वाचवायला येत नाही.

हाच नियम पेट्रोल पंपाच्या डायफ्रामला आणि पेट्रोलच्या होजला, म्हणजे रबरी नळीला. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या प्रकारचं रबर फुगवतं, कॉर्कची पॅकिंग खराब करतं. होज इथेनॉल चालणारीच घ्या. वितळबिंदूला आलेल्या डांबरावर मे महिन्यात गाडी बंद पडते तेव्हा बहुतेक जण थेट व्हेपर लॉक (उष्णतेनं पेट्रोलची वाफ होऊन नळीत अडकणं) म्हणतात, पण पुष्कळदा भेगाळलेल्या होजमधून पंप हवा ओढत असतो. आधी ते तपासा.

धातूच्या आणि काचेच्या मालाची गोष्ट वेगळी. ब्रेक सिलिंडर, बेअरिंग, गिअर, काचा, मीटर डब्यात खराब होत नाहीत, फक्त गंज आणि सुकलेलं ग्रीस बघायचं. सिलिंडरच्या आत नखानं खरवडा. खड्डा लागला तर पॉलिश करून भागवू नका, कारण होनिंगनं, म्हणजे आतून घासल्यानं, बोअर वाढतो आणि वॉशर सैल पडतो. आत पितळी किंवा स्टेनलेसचा स्लीव्ह (पातळ नळीसारखं अस्तर) घालून मूळ मापावर आणून घ्या, म्हणजे मूळ ओतीव अंग टिकतं. ब्रेकचे भाग ब्रेक ऑइलनं किंवा स्पिरिटनंच धुवा. रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल लागलं की नवे वॉशरसुद्धा फुगतात आणि ब्रेक धरून बसतो.

आणखी एक : अँबेसेडर इंग्रजी वंशाची, तिचे आटे इंची. फियाटचे मेट्रिक. ५/१६ इंच बोल्टची जाडी ७.९४ मिलिमीटर, म्हणजे ८ मिलिमीटरच्या नटात तो दोन-तीन फेरे सहज जातो आणि मग अडकतो. जोर लावलात तर नट नाही, मूळ भागातला आटा जातो. एका डब्यात दोन्ही गाड्यांचे बोल्ट कधीच ठेवू नका.

प्रश्न : १४८९ सीसी अँबेसेडरचा ब्लॉक मिस्त्री ‘४० ला बोअर करू’ म्हणतो. त्या मापाचे चांगले पिस्टन मिळतील?
– वाचक, हिंगणा रोड

उत्तर : मिळतील की नाही हे बोअर करण्याआधी ठरवायचं असतं. पिस्टनचा पूर्ण सेट हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला टाकू नका. मूळ बोअर ७३.०२५ मिलिमीटर. ‘४०’ म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या चाळीसपट (०.०४० इंच), म्हणजे साधारण १.०२ मिलिमीटर जास्त. आधी बोअर केलं आणि त्या मापाचा सेट निघालाच नाही तर स्लीव्ह टाकण्याखेरीज मार्ग उरत नाही. झीज २० मध्ये निघत असेल तर ४० कशाला? पुढच्या वेळेसाठी भिंत शिल्लक राहू द्या. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मोजायला लावा, आकडे कागदावर घ्या.

शोधाची एक वाट फार कमी लोक वापरतात. हेच बी-सिरीज इंजिन इंग्लंडमध्ये मॉरिस ऑक्सफर्डमध्ये होतं आणि एमजीए १५०० या स्पोर्ट्स कारमध्येही. एमजीएचे चाहते जगभर असल्यामुळे तिचे पिस्टन, गॅस्केट, बेअरिंग आजही नवे बनतात. फक्त पिस्टनचा माथा आणि पिनचा व्यास जुन्याशी ताडून घ्या, कारण माथ्याच्या आकारावर कॉम्प्रेशन ठरतं. रिंग बसवताना ती सिलिंडरमध्ये सरळ ढकलून तोंडातली फट मोजा : ०.२० ते ०.३३ मिलिमीटर. कमी असेल तर तापल्यावर टोकं भिडून रिंग मोडते.

प्रश्न : दारांच्या मुठींवर फोड आले आहेत. क्रोमवाला ‘होत नाही’ म्हणतो. नव्या ओतून घेता येतील का?
– वाचक, महाल

उत्तर : मूठ बहुधा मझाकची, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूची असावी. लोहचुंबक चिकटत नाही आणि पितळेच्या मानानं हलकी लागते. हा धातू आतून फुगून वर येतो, आणि आम्लात बुडवला की विरघळतो. क्रोमवाले म्हणूनच टाळतात. जो करतो त्याच्याकडून प्रत्येक फोड कोरून काढून त्यावर तांब्याचा जाड थर, मग निकेल, शेवटी क्रोम अशा क्रमानं करून घ्या. तांबं वगळलं तर पहिल्या पावसाळ्यातच फोड परत येतील.

मूठ मोडलीच असेल तर पितळेत ओतून घेणं चांगलं. जुनी मूठ थेट साच्यात दाबली तर नवी लहान येते, कारण पितळ थंड होताना सुमारे दीड टक्का आकसतं. १०० मिलिमीटरची मूठ ९८.५ वर येईल आणि दाराच्या भोकांना जुळणार नाही. जुन्या मुठीवर लांबीच्या टोकांना आणि चौकोनी दांड्याच्या जागी पुट्टी चढवून मगच नमुना द्या. भोकं ओतवू नका, लेथवर नंतर पाडून घ्या. हिंगणा एमआयडीसीत लहान ओतकाम करणाऱ्यांना दोन नग परवडत नाहीत. तशाच गाडीचे आणखी तीन-चार मालक गाठून एकदम ओतवा.

प्रश्न : भाग काढण्यासाठी भंगारातली दुसरी फियाट घेतोय. तिचं इंजिन माझ्या गाडीत टाकलं तर व्हिंटेज नोंदणी मिळेल?
– वाचक, सदर

उत्तर : २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज ठरते. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, आणि मग ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणून मूळ ब्लॉक वाचवण्याची शिकस्त करा. भंगारातल्या इंजिनाचे आतले भाग घ्या, नंबर असलेला ब्लॉक आपलाच ठेवा.

भंगारातली गाडी आरसी बुक आणि विक्रीच्या कागदाशिवाय घेऊ नका. भाग काढून झाल्यावर तिची नोंदणी आरटीओत रद्द करवून घ्या. तिची चेसिस नंबरची पट्टी कापून तुमच्या गाडीवर जोडून देतो असं कुणी म्हणाला तर तिथूनच परत फिरा, तो सरळ गुन्हा आहे.