पोरगी अँटिप्रोटॉन म्हणते, घरचे बी.एड. म्हणतात

ताई, सप्रेम नमस्कार.

मानेवाड्याहून पाठवलेलं तुमचं चार पानी पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांसाठी त्यातलं थोडक्यात सांगतो. ताईंची मुलगी नागपुरातच बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय फिजिक्स, मॅथ्स, इलेक्ट्रॉनिक्स. गेल्या हिवाळ्यात एक व्याख्यान ऐकून आली आणि तेव्हापासून तिचं एकच चाललंय, की मला अँटिप्रोटॉनवर, एक्झॉटिक अणूंवर प्रयोग करायचेत. वडील महावितरणमध्ये आहेत. त्यांचं म्हणणं, एम.एस्सी. करून बी.एड. कर, नाहीतर बँकेच्या परीक्षा दे, "हे काय नवीन काढून राहिली तू?" ताईंना विचारायचंय की हा विषय खरंच आहे का, त्यात पोट भरतं का, किरणोत्सर्गाचं काय, आणि पोरीला नागपूर सोडावं लागेल का. पत्राच्या शेवटी जाता जाता एक तक्रारही आहे: "प्रॅक्टिकलच्या वहीत एकच आलेख तीन-तीनदा काढत बसते, पहिला बरोबर आला असला तरी."

ताई, तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेलं ते वाक्य मला पत्रात सगळ्यात मोलाचं वाटलं. का, ते सांगतो, पण आधी विषय समजून घेऊ.

साध्या अणूत मधे केंद्रक आणि भोवती इलेक्ट्रॉन. आता इलेक्ट्रॉनच्या जागी दुसरा ऋणभारित, पण कितीतरी जड कण आणून बसवला तर? म्यूऑन, पायॉन, केऑन किंवा अँटिप्रोटॉन. असा जो अणू तयार होतो तो एक्झॉटिक अणू. अँटिप्रोटॉन म्हणजे प्रोटॉनचा उलट भाराचा जुळा, 1955 साली अमेरिकेत बर्कलीला सापडलेला. तो इलेक्ट्रॉनच्या 1836 पट जड असतो, आणि कण जितका जड तितकी कक्षा केंद्रकाला बिलगून. एक प्रोटॉन आणि एक अँटिप्रोटॉन मिळून झालेला अणू हायड्रोजनच्या 918 पट लहान भरतो. जड कण आधी बाहेरच्या कक्षेत अडकतो, मग जिना उतरावा तसा खाली खाली येतो आणि उतरताना क्ष-किरण सोडतो. वरच्या पायऱ्यांवर फक्त विद्युत बलाचं राज्य, तिथलं गणित अगदी चोख करता येतं. शेवटच्या एक-दोन पायऱ्यांवर मात्र कण केंद्रकाच्या इतक्या जवळ येतो की प्रबल केंद्रकीय बल त्याला धरतं. त्याने क्ष-किरणांची रेघ, म्हणजे त्यांची ठरलेली ऊर्जा, गणिताने सांगितलेल्या जागेवरून किंचित सरकते आणि थोडी पसरते. ते सरकणं आणि ते पसरणं मोजायचं, एवढाच हा धंदा. त्यावरून कळतं, की हे बल कमी वेगाला कसं वागतं.

किती सरकते? केऑनिक हायड्रोजनचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जागी केऑन बसवलेल्या हायड्रोजनचं बघा. नुसत्या विद्युत बलाच्या हिशेबाने त्याची एक रेघ 6480 इलेक्ट्रॉन-व्होल्टला (हे ऊर्जेचं माप) यायला हवी. इटलीत रोमजवळच्या फ्रास्कातीला ‘सिद्धार्ता’ नावाचा प्रयोग झाला, त्याचा निकाल 2011 साली आला. रेघ 283 इलेक्ट्रॉन-व्होल्टने खाली आलेली. त्याआधीची हकीकत तुमच्या मुलीने वाचायलाच हवी. 70 आणि 80 च्या दशकातल्या प्रयोगांत ही रेघ चक्क उलट दिशेला सरकलेली दिसत होती. दुसऱ्या पद्धतीच्या प्रयोगांशी ते काही केल्या जुळेना आणि वर्षानुवर्षं सगळे कोड्यात. शेवटी 1997 मध्ये जपानमधल्या केईके प्रयोगशाळेतल्या मोजणीने दिशा नक्की केली. आकडा कितीचा हा पुढचा प्रश्न. अधिक की उणे हे ठरायलाच इतका काळ गेला.

इथे मला माझं एम.एस्सी.चं वर्ष आठवतं. एप्रिल महिना, नागपूरचं ऊन, लॅबमधला कूलर दुपारी बंद पडलेला. गॅमा किरण टिपणाऱ्या सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरसमोर सिझियम-137 चा छोटासा किरणोत्सर्गी स्रोत ठेवलेला. सिझियमच्या गॅमाची रेघ 662 किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टला, ती काही बदलत नसते. पण आलेखावर सकाळी तिचं शिखर जिथे होतं तिथून दुपारी ते डावीकडे सरकलेलं. मी स्रोत तपासला, वायरी तपासल्या, पुन्हा मोजलं, आणखी थोडं सरकलं. सरांनी नुसतं भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बोट दाखवलं. तापलं की डिटेक्टरमधून येणारा सिग्नल कमी होतो. सिझियम होतं तिथेच होतं, माझी फूटपट्टी सरकली होती. त्या दिवसापासून मी प्रत्येक मोजणीच्या आधी आणि नंतर ओळखीच्या स्रोताची रेघ घ्यायला लागलो.

फ्रास्कातीला नेमकं हेच केलं होतं. टायटॅनियम आणि तांबं यांचे पातळ पत्रे बसवले होते. टायटॅनियमची रेघ साडेचार हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, तांब्याची आठ हजारांच्या जरा वर, आणि जे शोधायचं ते या दोन खुंट्यांच्या मधोमध. खुंट्या जागच्या जागी आहेत हे सतत बघत राहायचं, तेव्हाच मधलं सरकणं खरं मानायचं. एकच आलेख तीनदा काढणाऱ्या मुलीला हे काम कळेल, ताई. पहिला आलेख बरोबर आला तरी तिचा जीव स्वस्थ होत नाही, आणि या विषयाला तसाच माणूस लागतो.

अँटिप्रोटॉनची गोष्ट आणखी एक पाऊल पुढे जाते. जड अणूत तो शेवटच्या पायरीपर्यंत पोचतच नाही, केंद्रकाच्या पृष्ठभागावरच एखाद्या प्रोटॉनला किंवा न्यूट्रॉनला गाठतो आणि दोघंही नाहीसे होतात. ॲनायहिलेशन म्हणतात ते हे. त्यातून सरासरी पाचेक पायॉन उडतात. ते सगळे केंद्रकाला न धडकता निसटले तर मागे उरतं एक कण कमी झालेलं केंद्रक. प्रोटॉन गेला की न्यूट्रॉन, हे त्या उरलेल्या केंद्रकाच्या किरणोत्सर्गावरून ओळखता येतं आणि त्यावरून केंद्रकाच्या सालीत न्यूट्रॉन किती जास्त आहेत याचा अंदाज बांधता येतो. जीनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत 1996 पर्यंत ‘लिअर’ नावाचं यंत्र होतं, तिथे असे प्रयोग झाले. आणि ती ओळख पटवायला वापरायचे जर्मेनियमचे डिटेक्टर. एम.एस्सी.च्या लॅबमधल्या सोडियम आयोडाइडचाच तो थोरला, फार नेमका भाऊ. म्हणून म्हणतो, ही वाट नागपूरच्या लॅबमधूनच सुरू होते.

आता तुमचे प्रश्न. विषय खरा आहे, पण जागा फार थोड्या आहेत, हे आधीच सांगतो. मंद केलेले अँटिप्रोटॉन प्रयोगांना देणारं ठिकाण आज जगात एकच, सर्न. भारतात अशी शलाका, म्हणजे अँटिप्रोटॉनचा झोत, नाही. मात्र 2017 पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. जर्मनीत डार्मश्टाटला ‘फेअर’ नावाचं मोठं केंद्र उभं राहतंय, त्यात भारत भागीदार आहे आणि आपल्या बाजूचं काम कोलकात्याची बोस इन्स्टिट्यूट बघते. याच संस्थेच्या देवेंद्र मोहन बोस यांच्याबरोबर बिभा चौधुरी यांनी 1940 च्या सुमारास दार्जिलिंगच्या उंचीवर फोटोच्या काचा ठेवून वैश्विक किरणांतले मेसॉन (पायॉन त्यातलाच) शोधले. युद्धामुळे त्यांना चांगल्या काचा मिळाल्या नाहीत. पुढे इंग्लंडमध्ये सेसिल पॉवेल यांनी अधिक चांगल्या काचांवर तशाच पद्धतीने पायॉन शोधला आणि 1950 चं नोबेल त्यांना मिळालं. बिभाबाईंबद्दल मला फार हळहळ वाटते. तुमच्या लेकीला त्यांच्याबद्दल जरूर सांगा.

पोटापाण्याचं. पीएच.डी.ला पाच ते सहा वर्षं जातात. नेट-जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 आणि पुढे 42,000 रुपये फेलोशिप, घरभाडं वेगळं. म्हणजे त्या वर्षांत ती घरावर भार नाही. त्यानंतर दोन-चार वर्षं पोस्टडॉक, म्हणजे ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम, बहुतेक वेळा परदेशात. कायमची नोकरी लागेपर्यंत तिशी उलटते. महावितरणसारख्या नोकरीत महिन्याच्या महिन्याला पगार बघितलेल्या माणसाला हे जड जाणारच, त्यांच्या काळजीत काही चूक नाही. त्यांना मात्र एक गोष्ट नीट समजावून सांगा: पोरीला आज अँटिप्रोटॉन निवडायचाच नाहीये. आज ठरवायचंय ते फक्त एम.एस्सी. कुठे, आणि तिथली लॅब कशी. अँटिप्रोटॉनचा निर्णय अजून चार वर्षं लांब आहे, आणि मधे उतरायला चांगली स्टेशनं आहेत.

एक स्टेशन भाभा अणुसंशोधन केंद्राचं. एम.एस्सी. फिजिक्सनंतर त्यांच्या ट्रेनिंग स्कूलची परीक्षा आणि मुलाखत, वर्षभराचं प्रशिक्षण, मग वैज्ञानिक अधिकारी. दुसरं स्टेशन मला स्वतःला फार आवडतं आणि आपल्याकडे पालकांना माहीतच नसतं: मेडिकल फिजिक्स. एम.एस्सी.नंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा, मग हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप. कॅन्सरच्या रुग्णाला किती डोस, कुठल्या कोनातून द्यायचा, मशीन आज बरोबर चालतंय का, हे बघणारा माणूस हाच. रेडिओथेरपी देणाऱ्या हॉस्पिटलला तो नेमावाच लागतो, आणि नागपुरात कॅन्सरची मोठी हॉस्पिटलं आहेत. आलेख तीनदा तपासणारी व्यक्ती त्या मशीनपाशी असावी, असं कुठल्याही रुग्णाच्या नातेवाइकाला वाटेल.

किरणोत्सर्गाची भीती मनातून काढा. एक्झॉटिक अणूंतून येणारे क्ष-किरण इतके थोडे असतात की ते पकडण्यातच जन्म जातो. सर्नमध्ये आजवर बनवलेलं सगळं प्रतिद्रव्य, म्हणजे अँटिप्रोटॉनसारखे उलटे कण, एकदम नाहीसं केलं तरी एक दिवा काही मिनिटं जळेल, एवढीच ऊर्जा. यंत्रांच्या आसपास काम असतं तेव्हा छातीवर मोजणीचा बिल्ला लावतात, वर्षाची मर्यादा कायद्याने बांधलेली आहे, पाच वर्षांच्या सरासरीने 20 मिलिसिव्हर्ट (हे डोसचं माप), आणि प्रत्येक बिल्ल्याची नोंद राहते. मुलगी आहे म्हणून यात वेगळं काही नाही, फक्त गरोदरपणात मर्यादा आणखी कडक असते. लग्नाचं तुम्ही अर्धंच वाक्य लिहून खोडलंत, म्हणून मीही एवढंच म्हणतो, की त्याचा निर्णय तिच्या एम.एस्सी.च्या फॉर्मवर लिहू नका.

नागपूर सोडावं लागेल का? एम.एस्सी.साठी सोडलंच पाहिजे असं नाही. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठीची आयआयटीची ‘जॅम’ परीक्षा फेब्रुवारीत असते, फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात. त्याच गुणांवर आपल्या व्हीएनआयटीतही एम.एस्सी.ला प्रवेश होतो. विद्यापीठाचा फिजिक्स विभाग आणि शासकीय विज्ञान संस्था आहेतच. कुठेही जायचं ठरलं तरी आधी लॅबच्या दारात उभं राहून विचारायचं, की गॅमा स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे गॅमाची ऊर्जा मोजायचं यंत्र, चालू आहे का आणि विद्यार्थ्याला त्यावर किती तास बसू देतात. माहितीपत्रकात मशीन असतं आणि प्रत्यक्षात त्यावर कापड झाकलेलं असतं, असं मी एकाहून जास्त ठिकाणी बघितलंय. पीएच.डी.ला मात्र ती बाहेर जाईल. मुंबईला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), कोलकात्याला साहा इन्स्टिट्यूट, किंवा आणखी लांब.

सध्या तिने करायचं ते असं. इलेक्ट्रॉनिक्स सोडायचं नाही, डिटेक्टरमधला बारीक सिग्नल मोठा करणं आणि मोजणं हेच पुढे रोजचं काम. पायथन शिकायचं, आणि सर्नने तयार केलेलं मोजणीचे आकडे तपासायचं ‘रूट’ नावाचं सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर टाकायचं, ते फुकट मिळतं. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा ‘नियस’ कार्यक्रम आणि तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप, दोन्हींसाठी अर्ज करायचा. उन्हाळ्याचे दोन महिने खऱ्या लॅबमध्ये काढल्यावर तिचं तिलाच कळेल, की ओढ अँटिप्रोटॉनच्या नावाची आहे की मोजण्याची. नावाची असेल तर तेव्हाच वाट बदलता येईल, काही बिघडलेलं नसेल.

आणि साहेबांनाही सोबत आणा, ताई. मीटर खरा चालतो की नाही हे प्रमाणित मीटर जोडून तपासतात, हे महावितरणच्या माणसाला मी सांगायला नको. टायटॅनियम आणि तांब्याच्या पत्र्यांचं लेकीने समजावलं, तर त्यांना ते घरातल्या इतर कोणाहीपेक्षा लवकर कळेल. पुढच्या दोन शनिवारी दुपारी मी ऑफिसात आहे. मार्कशीट नाही आणली तरी चालेल, ती प्रॅक्टिकलची वही तेवढी आणा. मला ते तिन्ही आलेख बघायचेत.