आठ वर्षांच्या मुलाला बद्धकोष्ठता आहे. पावडरचं औषध तीन महिने दिलं तर सवय लागेल का? शाळेचं काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की चार-चार दिवस शी होत नाही, तरी चड्डीला रोज डाग असतो, डॉक्टरांनी तीन महिन्यांची पावडर लिहून दिलीय आणि सासूबाई म्हणतायत 'सवय लागेल'. त्यात पुढच्या महिन्यात सहल. हे सगळं आमच्या घरी लेकीच्या बाबतीत होऊन गेलंय, ती दुसरीत असताना. मी डॉक्टर नाही, बाप आहे. डोस तुमच्या डॉक्टरांनी लिहिलाय तोच द्यायचा. मी सांगतोय ते औषध घरात चालवण्याबद्दल, कारण तिथेच आम्ही आपटलो होतो.

आधी डागाचं. आम्हाला वाटायचं, खेळाच्या नादात ही उठत नाही, आळस करते. मी ओरडलोय तिला. एकदा रात्री तिची चड्डी तिलाच धुवायला लावली होती. ते आठवलं की अजून लाज वाटते. एकदा तर पातळ डाग बघून आम्ही जुलाब समजलो आणि दोन दिवस ताक-भातावर ठेवली. पुढे डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि डावीकडे खाली माझा हात ठेवून मलाच दाखवलं: कडक गोळा. शेवटच्या आतड्यात जुना मळ साठून खडा बसला होता आणि वरून येणारं पातळ त्याच्या बाजूने झिरपत होतं. आतडं इतकं ताणलेलं असतं की भरल्याची जाणीवच मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. पोराला खरंच कळत नाही. सारखा वास असल्याने वासही येत नाही. तेव्हा 'तुला कळत कसं नाही?' हा प्रश्न आजपासून बंद करा, आणि मोठं भावंड असेल तर त्याचं चिडवणंही.

सुरुवात बहुतेकदा एकाच दुखण्यातून होते. एकदा शी कडक होते, चीर पडते, दुखतं, म्हणून पोर पुढच्या वेळी दाबून धरतं. धरलं की आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं, ती आणखी कडक होते आणि आणखी दुखते. आमची पोरगी पडद्याआड चवड्यांवर उभी राहून पाय आवळायची. आम्ही म्हणायचो, बिचारी जोर करतेय. जोर कसला, ती थोपवत होती.

आता पावडर. पॉलिएथिलीन ग्लायकॉल असेल तर ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही. पाणी धरून ठेवतं आणि मळ मऊ करतं, एवढंच त्याचं काम. आतड्याला चाबूक मारणारं हे औषध नाही, त्यामुळे सवय लागण्याची भीती धरू नका. मग इतके महिने का? डॉक्टरांनी पायजम्याच्या सैल पडलेल्या इलॅस्टिकचं उदाहरण दिलं होतं. खडा निघाला तरी ताणलेलं आतडं आठवड्यात पूर्ववत होत नाही. ते आवळेपर्यंत रोज मऊ आणि रोज रिकामं राहिलं पाहिजे. किमान दोन महिने औषध, त्यातही शेवटचा महिनाभर सगळं सुरळीत असलं तरच हळूहळू कमी करायचं, असा बालरोगतज्ज्ञांचा साधारण नियम आहे. पुष्कळ मुलांना सहा महिने ते वर्ष लागतं. आम्हाला दहा महिने लागले, त्यातले दोन माझ्या शहाणपणामुळे वाढले. दुसऱ्या महिन्यात छान चाललं होतं, मे महिन्यात गावी निघालो, पावडर मुद्दाम घरीच ठेवली. दहाव्या दिवशी पुन्हा पडदा, पुन्हा चवडे.

खडा बसलेला असेल तर पहिले काही दिवस डोस मोठा असतो: वजनाच्या किलोमागे रोज एक ते दीड ग्रॅम, साधारण तीन ते सहा दिवस. नंतरचा रोजचा डोस त्याच्या निम्म्याच्या आसपास. तुमच्या चिठ्ठीवर पहिल्यापासून छोटाच डोस असेल तर 'आधी साफ करायचं आहे का?' हे डॉक्टरांना विचारून घ्या. साफसफाईच्या दिवसांत डाग कमी न होता वाढतात. इथेच घाबरून लोक औषध थांबवतात. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी सुरू केलं, सोमवारी शाळेला दांडी मारली, गादीवर जुनं मेणकापड घातलं. रविवारी दुपारी जे बाहेर आलं ते पाहून आजी देवापुढे साखर ठेवून आल्या. पावडर पाकिटावर लिहिलंय तेवढ्या पाण्यात पूर्ण विरघळवायची. आमच्याकडे कोकम सरबतात खपली, दुधात नाही.

घरगुती उपायांवरून आमच्याकडे महाभारत झालं. मनुका, अंजीर, पपई, भाजी-भाकरी, वरणावर तूप, हे सगळं चालू द्या, चांगलंच आहे. पण खडा बसलेला असताना नुसत्या भाज्या आणि तांब्याभर पाण्याने तो हलत नाही, आणि इसबगोल तर वर आणखी ढीग रचतं. एरंडेल मनाने देऊ नका. साबणाची वडी तर बिलकुल नाही. आधीच दुखऱ्या जागेची पोराच्या मनात धास्ती, त्यात ही भर. दुधाचं मात्र बघा. आमची रोज चॉकलेट पावडर घातलेले तीन मोठे ग्लास प्यायची आणि जेवायला भूक नसायची. डॉक्टरांनी ते दीड ग्लासावर आणलं.

औषधाइतकंच महत्त्वाचं बसणं. जेवल्यावर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते, ती वेळ साधायची. सकाळी पावणेसातची बस गाठायची म्हणजे कोणाचं पोट साफ होणार? आम्ही रात्रीच्या जेवणानंतरची वेळ धरली. पाच ते दहा मिनिटं, घड्याळ लावून, झाली तरी वाहवा, नाही झाली तरी वाहवा. बक्षीस बसण्याचं, शीचं नाही. कमोडवर मुलांचे पाय लोंबकळतात आणि लोंबत्या पायांनी जोर येत नाही. पायाखाली पाट किंवा प्लॅस्टिकचं स्टूल द्या, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. गावाकडच्या उकिडव्या संडासात ही अडचणच नसते. आणि एक गंमत: फुंकर मारली की पोटावर आपोआप दाब येतो. जत्रेतली पिपाणी होती, ती दिली. रोज रात्री साडेआठला संडासातून पिपाणी. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी 'क्लास लावलाय का?' असं विचारलं होतं.

नोंद ठेवा. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात तयार झालेला सात चित्रांचा तक्ता डॉक्टरांकडे असतो. सुट्या कडक गोळ्यांपासून पाण्यापर्यंत. लेकीने त्याचं भाषांतर केलं: लेंड्या, कणीस, केळं, पिठलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर ती स्वतः त्या दिवसाचं चित्र काढायची. केळं म्हणजे औषध बरोबर, कणीस आलं की आम्ही डॉक्टरांना फोन करायचो, सलग पिठलं झालं तरी करायचो. (घरात खरं पिठलं करणं काही महिने अवघड झालं होतं.) तपासणीला जाताना ते पान फाडून नेलं की बोलायचं कामच उरत नाही.

शाळेचं मूळ आमच्याकडे संडासातच निघालं. कडी तुटलेली, नळाला पाणी नाही, म्हणून ती सकाळपासून दुपारी घरी येईपर्यंत जायचीच नाही, आणि जावं लागू नये म्हणून पाणीही प्यायची नाही. रात्री गादी ओली व्हायची तो वेगळा ताप, तो पोट साफ राहायला लागल्यावर बंद झाला. वर्गशिक्षिकेला सरळ भेटा, मुलासमोर नको. आम्ही दोनच गोष्टी मागितल्या: हात वर करून न विचारता जायची मुभा आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांचं स्वच्छतागृह. बाईंनी दोन्ही दिल्या. दप्तराच्या तळाशी गडद रंगाच्या पिशवीत एक चड्डी, ओले टिश्यू आणि एक रिकामी पिशवी. बाकी कोणाला सांगायचं ते मुलाने ठरवावं.

डॉक्टरांकडे मात्र पुढची तारीख न बघता जा, जर हिरवट उलटी झाली, पोट फुगून टणक झालं, वजन घटत असेल, ताप असेल, पाय लुळे किंवा अशक्त वाटले, किंवा शीमध्ये जास्त रक्त दिसलं. कडक शीवर रक्ताची बारीक रेघ बहुधा चिरेची असते, तरी सांगून ठेवा. जन्मानंतर पहिली काळी शी व्हायला दोन दिवसांहून जास्त लागले होते का, हेही आठवून सांगा, डॉक्टरांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा प्रश्न असतो.

सहलीला पाठवा. साफसफाईचा मोठा डोस त्या आठवड्यात येणार नाही एवढं डॉक्टरांशी बोलून घ्या, रोजचा डोस चुकवू नका, बाईंना कल्पना द्या. मुक्कामाची असेल तर पावडर मोजून वेगवेगळ्या पुड्या करून बाईंकडे द्या, डबा देऊ नका, तो डबा सहलीला जातो आणि सांडून परत येतो.